अधिकार कशासाठी?



धर्मग्रामाची परिषद असो, पतपेढी असो वा हाऊसिंग सोसायटी, संस्था उभी राहिली की खुर्ची येते आणि खुर्चीमागोमाग कुरबूर येते. मग आपल्या मनात येते, देवापुढे सगळे समान असताना कोणा एकाच्या हाती अधिकार हवाच कशाला?

संत ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की, देवाने माणसाला पशुपक्ष्यांवर सत्ता दिली, माणसावर नाही. माणसाने माणसावर हुकमत गाजवणे हे पापाचे फळ आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक भेद केला. मालक गुलामाला स्वतःच्या फायद्यासाठी राबवतो, ती सत्ता पापातूनच आली. पण स्वतंत्र माणसांना त्यांच्या किंवा सर्वांच्या हिताकडे नेणारी सत्ता एदेन बागेतही लागली असती. कारण माणूस समूहात राहतो आणि प्रत्येकाचे लक्ष वेगवेगळ्या गोष्टींकडे असते. सर्वांच्या हिताकडे पाहणारा कोणीतरी लागतोच.

यरुशलेमच्या ख्रिस्तसभेत हेच दिसते (प्रे. कृ. ६:१-६). शिष्य वाढले आणि रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. लोकांनी सात जण निवडले व प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले. सातही नावे ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले.

तेव्हा अधिकार असावा की नसावा हा खरा प्रश्न नाही. विधवेच्या ताटात अन्न पडावे म्हणून तो दिला गेला; ताट रिकामे राहिले, तर पद असूनही त्याचे प्रयोजन संपले.

आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. १९८३ च्या धर्मसभा कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती आवश्यक केली आहे (कलम ५३७) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असेही सांगितले आहे (कलम १२८७). हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

या आठवड्यात घरी एकत्र बसून विचार करू या. घरात, कामावर वा मंडळात आपल्या हाती जो काही अधिकार आहे, त्याचा लाभ कोणाला होतो? ज्याची तक्रार आपण टाळत आलो, त्याला निर्णय घेताना आपल्या शेजारी जागा देऊ का?