गुदाशयाचा कॅन्सर: खर्च फक्त ऑपरेशनचा नसतो

‘ऑपरेशनला किती लागतील?’ गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात, आणि उत्तरही तेवढ्यापुरतंच मिळतं. पण गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किंवा शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेली असेल आणि दूर पसरली नसेल, तर बहुधा रेडिएशन, किमो आणि शस्त्रक्रिया असे तिन्ही उपचार लागतात. त्यात वर्षाचा बराच भाग जातो. म्हणून पहिलं पाऊल टाकण्याआधीच तिन्हींचा क्रम आणि एकत्र अंदाजपत्रक लेखी मागा. गाठ गुदाशयात नसून मोठ्या आतड्याच्या वरच्या भागात असेल, तर सहसा रेडिएशन लागत नाही. आधी ऑपरेशन होतं आणि गरज असल्यास तीन ते सहा महिने किमो.

पुढे दिलेले आकडे मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांचे आणि ढोबळ आहेत. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, एमआरआय आणि सीटी मिळून वीस ते चाळीस हजार. इथे एमआरआयवर काटकसर करू नका, कारण उपचारांचा क्रम त्यावरच ठरतो.

रेडिएशन दोन प्रकारे देतात. एकात सोमवार ते शुक्रवार असे 25 ते 28 दिवस, सोबत किमोच्या गोळ्या. दुसऱ्यात मोठ्या मात्रेचे फक्त 5 दिवस. कोणता योग्य, हे डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून येत असाल, तर पाच आठवड्यांची खोली, जेवण आणि सोबतच्या माणसाचा बुडणारा रोज हाही खर्चच आहे. ‘आम्हाला छोटा कोर्स चालेल का?’ हे जरूर विचारा. लांब कोर्सला एक ते अडीच लाख लागू शकतात.

किमोचा खर्च दुकानागणिक बदलतो. साधारण बांध्याच्या रुग्णाला कॅपेसिटाबिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळी तीन, संध्याकाळी तीन अशा चौदा दिवस, म्हणजे एका सायकलला 84 लागतात. शिवाय पहिल्या दिवशी ऑक्झॅलिप्लॅटिनची सलाईन. दोन्ही औषधं सरकारच्या अत्यावश्यक यादीत आहेत, जेनेरिकमध्ये मिळतात, आणि एकाच औषधाच्या दोन ब्रँडांच्या किमतींत मोठी तफावत असते. डॉक्टरांना विचारून स्वस्त ब्रँड घ्या; जनऔषधी आणि अमृत दुकानांत चौकशी करा.

शस्त्रक्रियेला तीन ते सहा लाख धरा. रोबोटिक असेल तर आणखी लाख-दीड लाख. अंदाजपत्रकातून हमखास सुटते ती शौच साठवण्यासाठी पोटावर लावलेली पिशवी. ती तात्पुरती असली तरी काही महिने राहते, दर तीन-चार दिवसांनी बदलावी लागते, आणि आतडं पुन्हा जोडायला दुसरं ऑपरेशन लागतं. त्याचे पैसे आताच बाजूला ठेवा. काहींची गाठ रेडिएशन आणि किमोनेच पूर्ण नाहीशी होते आणि ऑपरेशन टळू शकतं. पण मग पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी चुकवता येत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वमंजुरी उपचारांआधीच लागते. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 वर फोन करा. त्या रुग्णालयात तिन्ही उपचार योजनेखाली होतात का, तेही विचारा. सगळीकडे रेडिएशनचं यंत्र नसतं. खासगी विमा असेल तर तोंडी किमो आणि रोबोटिक शस्त्रक्रियेची मर्यादा आधी वाचा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात; उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. दाखला तहसीलदारांचा. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जनरल विभागाचे दर बरेच कमी आहेत, आणि राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं लागत नाही, सोबत्याला 75 टक्के सूट मिळते. फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्या.

पैसे संपले म्हणून किमो मध्येच सोडू नका. सोडायचा विचार मनात येईल त्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.