आडनावात गाव, मनात घर



कासूच्या एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला नागोठणे आणि पुढे रोहा. अशा गावातून परदेशी गेलेल्या माणसाला तिथे पहिला प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठचे?" सुट्टीत तोच माणूस गावी आला की इथे विचारतात, "परत कधी जाणार?" तिकडे तो बाहेरचा आणि इकडे पाहुणा. मग त्याचे घर कोणते? आपल्या अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी आज आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे. म्हणून हा प्रश्न आपण आज अभ्यासासाठी घेऊ. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

१. शनवार तेल्यांची गोष्ट

बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की, अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. ती कोकणात वसली. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी शब्बाथ म्हणून घाणा बंद, त्यामुळे गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ते मराठी बोलू लागले आणि त्यांच्या बायका नऊवारी नेसू लागल्या. ज्या गावी राहिले त्याचेच नाव त्यांनी आडनावात घेतले : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर. बायबलमधील कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही रचली. परक्या भूमीत ते पुरते मिसळले, पण शब्बाथ, सुंता आणि सणवार त्यांनी सोडले नाहीत.

२. 'घरी' गेल्यावर

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. ज्या भूमीकडे तोंड करून वाडवडिलांनी प्रार्थना केली, तिथे आपण पोहोचलो, असे त्यांना वाटले. पण बीरशेबा, दिमोना यांसारख्या वाळवंटी गावांत काम आणि घर मिळवताना हाल झाले. रंगावरून भेदभाव सोसावा लागला. काही कुटुंबांनी भारतात परत पाठवण्याची मागणी करीत धरणे धरले आणि १९५२ साली ती परतही आली. त्यांच्यातील कित्येकांना मग मुंबईतही करमेना, आणि त्यांनी पुन्हा इस्राएलला जाण्याची धडपड केली.

याहून खोल जखम पुढे झाली. लग्न लावताना काही धर्मगुरू त्यांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेऊ लागले. आजी-पणजीपर्यंतची चौकशी करण्याचा नियम निघाला. कोकणात शेकडो वर्षे ज्या ओळखीबद्दल कोणी पुरावा मागितला नव्हता, तिचा पुरावा स्वतःच्या म्हटलेल्या घरात द्यावा लागणार होता. ही माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने जाहीर केले की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर तो नियम बदलावा लागला.

३. त्यांनी काय जपले?

इस्राएलमध्ये हा समाज स्थिरावला तो कोकण विसरून नव्हे. तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले. शुभकार्याच्या वेळी एलिया संदेष्ट्याच्या नावाने आजही 'मलिदा' होतो : पोहे, खोबरे, गोड, वेलची आणि फळे असलेले ताट, सर्वांनी वाटून खायचे. आडनावांतली गावेही टिकली. पेण न पाहिलेला नातू पेणकरच राहिला.

असेच उलट्या बाजूचे उदाहरण आपल्या कॅथलिक समाजात आहे. पोर्तुगीजांनी चौलचा मुलूख १७४० मध्ये सोडला. मुरुड तालुक्यातील कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी मात्र पोर्तुगीजपासून बनलेली आपली बोली घरात चालू ठेवली. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. मुले शाळेत आणि बाजारात मराठी बोलतात, चुलीपाशी ही बोली. शाळा नाही, सरकारदरबारी स्थान नाही, तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली. ती टिकवली आयांनी आणि आज्यांनी.

४. पवित्र शास्त्र काय सांगते?

बाबिलोनला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र लिहिले (यिर्मया २९). सामान बांधून रडत बसा, असे त्यात नाही. तिथे घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. आणि त्याच पत्रात परत आणण्याचे वचनही आहे. म्हणजे नव्या गावात मन लावणे हा जुन्या गावाशी द्रोह नाही. दोन्हींना हृदयात जागा आहे. प्रभू येशूचे बालपणही इजिप्तमध्ये, परक्यांच्या आश्रयाने सुरू झाले (मत्तय २).

५. आपल्यासाठी बोध

पहिला बोध परदेशी असलेल्यांसाठी. घर आपोआप मिळत नाही, ते रोज थोडे थोडे बांधावे लागते. मुलांशी मराठीत बोला. त्यांना गावाचे नाव, आजीचे नाव आणि घरचा एखादा पदार्थ माहीत असू द्या. आणि शेजाऱ्याशीही ओळख करा. केवळ आपल्याच लोकांत राहिलात तर नवे गाव कधीच आपले होणार नाही.

दुसरा बोध गावी असलेल्यांसाठी. सुट्टीवर आलेल्या मुलाला "काय आणलेस?" याआधी "कसा आहेस?" असे विचारा. आणि एक आरसा आपल्यासमोरही धरा. डोलवी-नागोठण्याच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. पावसाळा सरला की आपल्याच डोंगरातील कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात. आपल्या मुलाला टोरांटोत कोणी आपुलकीने घरी बोलवावे, असे वाटते ना? मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या कामगाराला आपल्या दारात चहा मिळतो का? जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांकडे मागितला तसा पुरावा आपण तर कोणाकडे मागत नाही ना?

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घराण्याचे मूळ गाव कोणते? मुलांना ते ठाऊक आहे का?
२. आपल्या घरातील कोणती एक गोष्ट परदेशातही टिकावी असे वाटते?
३. आपल्या वाडीत बाहेरून आलेले कोण राहते? त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर या आठवड्यात ते नाव विचारून घ्या.