सौर पॅनेल आणि घराचे छप्पर : आधी काय, मागून काय

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली आणि एक कोटी घरांच्या छपरांवर वीजनिर्मितीचे उद्दिष्ट समोर ठेवले. तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, हा हिशेब आता गावोगाव तोंडपाठ झाला आहे. मात्र ज्या छपरावर हा सारा संसार मांडावयाचा, त्या छपराचा हिशेब क्वचितच कोणी विचारतो.

पॅनेलच्या कार्यक्षमतेची हमी सामान्यतः पंचवीस वर्षांची असते. गच्चीवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा उत्तम घातला असला तरी दहापंधरा वर्षांनी त्याची डागडुजी करावीच लागते. म्हणजे पॅनेलच्या आयुष्यात छपराचे काम किमान एकदा तरी निघणारच. दहा वर्षांचा जुना कोबा तसाच ठेवून वर संच बसविला, तर चारपाच वर्षांत सर्व पॅनेल उतरवा, सांगाडा सोडवा, तारा काढा आणि कोबा करून पुन्हा चढवा, असा दुहेरी खर्च अटळ होतो. गळती दुरुस्त करण्याची खरी वेळ म्हणूनच संच बसविण्याच्या आधीची होय.

स्लॅब गळतो म्हणजे नेमके काय होते? उन्हाने तापून आणि रात्री निवून काँक्रीटला केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून झिरपणारे पाणी आतील सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि खालचे काँक्रीट पोपड्यांच्या रूपाने सुटू लागते. छतावरील ओला डाग दिसतो तेव्हा हे काम पुष्कळ पुढे गेलेले असते. अशा स्लॅबवर ड्रिलने वीसपंचवीस छिद्रे पाडणे म्हणजे पाण्याला तेवढ्या वाटा करून देणे होय.

मग पॅनेल नुसते ठेवून का भागत नाही? याचे उत्तर वाऱ्यात आहे. सुमारे साडेपाचशे वॅटचे एक पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडे मोठे आणि जवळपास अठ्ठावीस किलो वजनाचे असते. म्हणजे चौरस मीटरला अवघे अकरा किलो. भारतीय मानकांत पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरलेला आहे. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो भरतो. प्रत्यक्ष उचल पॅनेलचा कल, इमारतीची उंची आणि गच्चीच्या कडेपासूनचे अंतर यांवर अवलंबून असते. तरी पॅनेलचे स्वतःचे वजन वाऱ्यापुढे किती तोकडे आहे, हे यावरून ध्यानी यावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत घरांचे पत्रे कसे उडविले, ते कोकणात कोणाला सांगावयास नको.

सांगाडा जखडण्याचे मार्ग दोन. एक, छिद्र न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांचे वजन ठेवणे. एक फूट लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा सुमारे ६५ किलोंचा होतो. वावर असलेल्या घरगुती गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो आणि वावर नसलेल्या छतासाठी ७५ किलो भार गृहीत धरून आराखडा केलेला असतो. तेव्हा ठोकळे किती आणि कोठे ठेवावयाचे, हे अभियंत्याने ठरवावे. गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. दुसरा मार्ग सांगाडा स्लॅबलाच बांधण्याचा. यात कामाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा असून नेमका तोच चुकतो. बहुतेक ठिकाणी कोबा आधी होतो आणि मागाहून त्याला भोके पडतात. वास्तविक जुना कोबा काढून स्लॅब उघडा करावा, बोल्ट स्लॅबमध्ये पक्के बसवून त्यांभोवती छोटे चौथरे ओतावेत, मग नवा जलरोधक थर चौथऱ्यांच्या अंगावर वीत-दीड वीत चढवून कोपऱ्यात गोलसर वाटा मारावा आणि अखेरीस चौथऱ्यांच्या माथ्यावरील बोल्टांना सांगाडा कसावा. असे केल्यास पाणी वाहते त्या पातळीवर एकही छिद्र राहत नाही.

सांगाडा चढण्यापूर्वी पन्हळींची तोंडे बंद करून गच्चीवर इंच-दोन इंच पाणी दोनतीन दिवस कोंडून पाहावे. जुन्या, खचलेल्या स्लॅबवर मात्र अभियंत्याच्या सल्ल्यावाचून हा प्रयोग नको. मृगाच्या आत काम उरकावयाचे तर कोबा फाल्गुन-चैत्रात सुरू झाला पाहिजे. विजेच्या तारांसाठी स्लॅबला भोक पाडू नये. त्या कठड्यावरून बाहेरच्या भिंतीने उतरवाव्यात आणि घरात शिरण्यापूर्वी त्यांना खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तेथेच टपकते.

पन्हळी पत्र्यावर स्क्रू नेहमी उंचवट्यावर आणि खालच्या लोखंडी आडव्या पट्टीत जाईल असा मारावा, खोलगट भागात कधीही नाही. रबरी वॉशर चेपून फाटेल इतका तो आवळू नये, आणि ड्रिलचा लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा. पहिल्या पावसात तो गंजतो आणि पत्र्यालाही गंज लावतो. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढणेच धोक्याचे. तेथे भिंतींवर उभा राहणारा स्वतंत्र सांगाडा हवा. कौलारू घरात भार कौलांवर न टाकता वाशांवर घ्यावा. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना तर मातीचाच भार पुष्कळ असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड छपरांखाली माणसे गाडली गेली. माळवदावर संच बसवू नये, अंगणात खांबांवर उभारावा, हेच इष्ट.

शाळा आणि ग्रामपंचायतीच्या इमारतींत आणखी एक अडचण संभवते. पावसाळ्यात वर्गात पाणी ठिबकू लागले, की पॅनेल बसविणारा म्हणतो, छत मुळातच जुने होते. बांधकामाकडील मंडळी विचारतात, छिद्रे कोणी पाडली? हा वाद चालू असताना शिक्षक बाके भिंतीशी सरकवून मुलांना कोरड्या कोपऱ्यात बसवितात. यावर उपाय कागदाचा आहे. काम सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापक, सरपंच किंवा ग्रामसेवक, अभियंता आणि पुरवठादार यांनी मिळून छताची पाहणी करावी, जुने डाग छायाचित्रांसह नोंदवावेत व त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. सूर्यघर योजनेत घरगुती संचाच्या पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी पुरवठादारावर आहे. पण ती संचाची, छपराची नव्हे. म्हणून सार्वजनिक इमारतीच्या कार्यादेशात ‘बसविलेल्या जागी गळती झाल्यास दुरुस्ती पुरवठादाराने करावी’ हे कलम स्वतंत्रपणे घालावे आणि देयकाचा काही भाग पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावा. पॅनेलच्या दोन रांगांत माणूस बसून काम करू शकेल एवढी वाट आणि खालून हात पोहोचेल एवढी उंची ठेवण्याची अटही त्याच कागदावर असू द्यावी.