नाक तेलकट, गाल कोरडे

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, वडिलांच्या कामामुळे सुरतेत लिंबायतला राहतो. माझं कपाळ आणि नाक दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागतं, गाल मात्र साबण लागला की ओढल्यासारखे होतात, कधी सालपटं निघतात. मुरूम दोन्हीकडे. एकाच चेहऱ्यावर असं कसं? मेडिकलवाल्या काकांनी एक ट्यूब दिली होती. चार दिवसांत चेहरा साफ झाला, रंगही उजळला. लावणं थांबवलं तर आधीपेक्षा दुप्पट आले. सुट्टीत माझ्या काकांच्या लूम्सच्या खात्यात (कारखान्यात) बसतो तेव्हा हातांवरही पुटकुळ्या येतात. आजी म्हणते, लग्न झालं की जातील. तोपर्यंत काय करू?
— एक वाचक, लिंबायत, सुरत

उत्तर : आजीचं निरीक्षण खरं आहे, त्यामागचं कारण तेवढं चुकलं. बहुतेकांचे मुरूम विशी-पंचविशीत आपसूक ओसरतात आणि आपल्याकडे लग्नं साधारण त्याच वयात होतात, त्यामुळे श्रेय अक्षतांना मिळतं. पण तोवर थांबायचं कारण नाही. मुरूम जातात, त्यांचे खड्डे जात नाहीत.

आधी तुझं कोडं. कातडीखालच्या तेलग्रंथी सगळीकडे सारख्या पेरलेल्या नसतात. चेहऱ्यावर, त्यातही कपाळ-नाकाच्या पट्ट्यात, एका चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० ग्रंथी असू शकतात. हातापायांवर त्या शंभरच्या आत असतात आणि तळहातावर एकही नसते. गालांवर असतात, पण नाकाच्या मानाने विरळ. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांत जास्त आणि मुलींतही पुरेशी, आणि त्यांच्या हुकमावर या ग्रंथी फुगून तेल सोडू लागतात. जिथे ग्रंथी दाट तिथे तेलाचा पूर, जिथे विरळ तिथे कोरड. म्हणजे तुझा चेहरा बिघडलेला नाही. दुकानदार यालाच मिश्र त्वचा म्हणतात आणि तिच्यासाठी वेगळी बाटली विकतात.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रंथीला हुकूम रक्तातून येतो. तू चेहरा किती वेळा धुतलास याची तिला खबरही नसते. दिवसातून पाच वेळा साबण फासला तर नाकावर तासाभरात पुन्हा तेल येतं आणि गालांचं होतं नव्हतं तेवढं संरक्षण मात्र धुऊन जातं. अंगाचा साबण अल्कधर्मी, त्याचा सामू ९-१०च्या घरात. कातडीचा सामू पाचच्या आसपास. म्हणून गाल भाजतात. सकाळी एकदा, रात्री एकदा, सौम्य फेसवॉश, बोटांनीच. अक्रोडाच्या भुकटीचे स्क्रब नकोत. नाकावरचे काळे ठिपके मळाचे नसतात. छिद्रात अडकलेल्या तेल-पेशींच्या बुचाचं तोंड हवेच्या संपर्काने काळं पडतं, ते घासून निघत नाही.

हे बूच हीच मुरमाची सुरुवात. छिद्राच्या आतल्या मृत पेशी सुट्या न पडता एकमेकींना चिकटतात, मागे तेल साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहणारा जंतू माजतो आणि मग सूज, लाली, पू. बूच धरल्यापासून लाल फोड दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी दोन महिनेही जातात. आज आरशात दिसणारा मुरूम दहावी-बारावीच्या निकालासारखा असतो, परीक्षा केव्हाच होऊन गेलेली. म्हणून फक्त दिसणाऱ्या फोडावर टूथपेस्ट, लिंबू, हळद काहीही थापलं तरी पुढच्या रांगेतले यायचे ते येतातच. लिंबू तर मुळीच नको. रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात.

आता ती ट्यूब. तू नाव लिहिलेलं नाहीस, तरी चार दिवसांत साफ, रंग उजळ आणि सोडल्यावर दुप्पट, एवढ्या तीन खुणांवरून मला संशय येतो तो स्टेरॉइडचा. वेष्टनावर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं आहे का बघ. असली मलमं सूज झटक्यात दाबतात, म्हणून जादू वाटते. पण वापर लांबला की चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस वाढतात, आणि मलम स्वतःच मुरूम आणतं. सोडलं की आग, लाली आणि फोडांचा भडका, मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध वेगळं कृतिदल काढलं आहे, इतकी ही गोष्ट सर्रास आहे. २०१८ साली केंद्र सरकारने कातडीवर लावायची चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. तरी काउंटरवर ती मागितली की मिळतात, आणि न मागताही मिळतात, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. वाईट हेतू कुणाचा नसेल, पण गिऱ्हाईक चार दिवसांत खूश होतं आणि बिल तुझा चेहरा भरतो. ती ट्यूब पुन्हा सुरू करू नकोस.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. दोन औषधांवर जगभरच्या डॉक्टरांचा भरवसा आहे. एक बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारतं आणि त्याला जंतू सरावत नाहीत. अडीच टक्क्यांचं जेल पुरे. १९८६च्या एका अमेरिकी अभ्यासात अडीच, पाच आणि दहा टक्के तिन्हींनी लाल फोड जवळपास सारखेच कमी झाले, आग मात्र दहा टक्क्यांच्या जेलने जास्त झाली. एक सावधगिरी खास सुरतकरांसाठी : हे जेल कापडाचा रंग उडवतं. घरात साड्यांचे गठ्ठे पडलेले असतील तर हात धुतल्याशिवाय शिवू नकोस, आणि पांढरा टॉवेल, पांढरी उशी वापर.

दुसरं अ‍ॅडापलीन, रात्री लावायचं. ते बूच धरू देत नाही, म्हणून ते एकेका फोडावर न लावता मुरूम येणाऱ्या साऱ्या भागावर पातळ पसरायचं, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं. तुझ्या दुहेरी चेहऱ्याचा प्रश्न इथे येतो. गालांवर आधी साधं, वास नसलेलं, ‘नॉन-कोमेडोजेनिक’ लिहिलेलं मॉइश्चरायझर लाव, त्यावर औषध. कपाळ-नाकावर औषध थेट. सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुड्यांच्या कडा वगळ. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सालपटं निघतील, कदाचित मुरूम वाढल्यासारखेही दिसतील, आणि बहुतेक मुलं तिथेच सोडून देतात. फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तुझ्या कातडीवर आधीच स्टेरॉइडचा मारा झालेला असेल तर ही औषधं फार झोंबतील, तेव्हा केव्हा आणि कशी सुरू करायची ते डॉक्टरांकडूनच ठरवून घे. नुसतं क्लिंडामायसिनचं जेल मात्र कुणी दिलं तरी महिनोन्‌महिने लावू नये. जंतू त्याला दाद देईनासे होतात.

खाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण घरात कुणीतरी भजी बंद करा म्हणालंच असेल. ‘सुरतचं जमण’, म्हणजे जेवावं तर सुरतेत, असं म्हणणाऱ्या गावात ही शिक्षा मोठीच. तळणीचं तेल पोटातून नाकावर येत नाही. संशय आहे तो साखर-मैद्यावर. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. रक्तातली साखर झपाट्याने चढवणारे पदार्थ ज्यांनी कमी केले त्यांचे मुरूम जास्त कमी झाले. प्रयोग लहान आहे, त्यावरून चांदणी पडव्याच्या सणाची गोड घारी सोडायची गरज नाही. रोजची शीतपेयं आणि बिस्किटं कमी केलीस तरी चालेल. व्यायामशाळेतली व्हे प्रोटीनची पावडर घेत असशील तर ती थांबवून बघ, तिच्यानेही मुरूम वाढल्याच्या नोंदी आहेत.

बाहेरून लागणाऱ्या तेलाचं मात्र खरं आहे. डोक्याला चोपडलेलं तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या उठतात. सुरतेच्या दमट हवेत तर हे बाराही महिने. तेल लावायचंच तर आंघोळीआधी लाव आणि धुऊन टाक, रात्रभर ठेवू नकोस. खात्यातलं यंत्रतेलही छिद्रं बुजवतं. ते शर्टात मुरतं आणि कापडाखाली हातांवर, मांड्यांवर फोड आणतं, कामगारांच्या कातडीच्या आजारांत हे जुनं दुखणं आहे. तेलकट कपडे तिथेच बदल, हात कोपरापर्यंत धू, आणि यंत्र पुसायचं फडकं तोंडाला लावू नकोस.

कपाळावरच्या पुटकुळ्या एकसारख्या बारीक असतील आणि खाजत असतील तर तो मुरूम नसून बुरशीचा प्रकार असू शकतो. त्याचं औषध वेगळं. आणि फोडू नकोस. आपल्या सावळ्या कातडीवर फोड बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, ऊन लागलं की गडद होतो. सकाळी जेलसारखं सनस्क्रीन लाव.

डॉक्टर तुझ्यापासून लांब नाहीत. उमरवाड्यातलं महापालिकेचं स्मीमेर आणि मजुरा गेटचं न्यू सिव्हिल, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत आणि दोन्हीकडे त्वचाविभाग आहे. आईला किंवा वडिलांना बरोबर ने. खोल, दुखऱ्या गाठी होत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर महिनाभरही थांबू नकोस. अशा वेळी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या तेलग्रंथीच आक्रसवतात, ओठ फुटतात, रक्त तपासावं लागतं. गुण आला म्हणून उरलेल्या गोळ्या मामेबहिणीला, वहिनीला द्यायच्या नाहीत, एकही नाही : गरोदरपणात त्या पोटात गेल्या तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.