आधी क्षयाची औषधे, मग एआरटी

प्रश्न : यजमानांना एचआयव्ही आहे, आता क्षयही निघाला. दोन्ही औषधे एकदम सुरू करायची का?

उत्तर : एकदम नाही, आधी क्षयाची. ती अंगी लागली की साधारण दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीवरची औषधे, म्हणजे एआरटी, सुरू होते. क्षय मेंदूच्या आवरणात असेल तर मात्र डॉक्टर चार ते आठ आठवडे थांबतात. प्रतिकारशक्ती झपाट्याने सावरताना मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकते.

एक गोष्ट हमखास निसटते. क्षयावरचे रिफाम्पिसिन एआरटीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचा असर कमी करते, म्हणून डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. दोन्हीकडची कागदपत्रे दोन्ही डॉक्टरांना दाखवावीतच!

सरकारी केंद्रांत एआरटी २००४ पासून मोफत आहे. प्रश्न विचारणाऱ्या भगिनींनी स्वतःची एचआयव्ही आणि क्षयाची तपासणीही याच आठवड्यात करावी.