खिळ्यावरचा बॅज

‘मराठी विभागाला लेख कमी पडतायत, काहीतरी दे,’ असं संपादक मंडळातल्या मित्राने मेसमध्ये सांगितलं तेव्हा मी आधी हसलोच. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, आणि मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कायम कापलेले! कविता आपल्याला जमत नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत इनप्लांट ट्रेनिंगला एक गोष्ट पाहिली, ती डोक्यातून जात नाही. तीच लिहितो. थोडा अभ्यास आहे, थोडी कबुली आहे. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

ट्रेनिंग एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतं. तिथे मोठमोठी प्रेशर व्हेसल्स बनतात. वेल्डिंग वरून कितीही सुंदर दिसलं तरी आत पोकळी किंवा भेग राहिली का, हे बघायला त्याची रेडिओग्राफी करतात. शॉपमध्ये तिला नुसतं ‘आरटी’ म्हणतात. दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढतात तसाच हा लोखंडाचा एक्स-रे. फक्त इथे मशीनऐवजी बऱ्याचदा इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी सोर्स असतो. तो ‘कॅमेरा’ नावाच्या जड डब्यात बंद असतो. लांबून क्रँक फिरवला की केबलने सोर्स पुढे सरकतो, नळीच्या टोकाशी जाऊन थांबतो, ठरलेला वेळ झाला की परत आत ओढायचा. याला म्हणतात ‘शॉट’.

शॉट सुरू असताना आम्ही ट्रेनी दोरीच्या बऱ्याच बाहेर. एकदा मला डार्करूममध्ये फिल्म आणायला पाठवलं. तिथे भिंतीवरच्या खिळ्याला एक बॅज लटकत होता. नंबर ओळखीचा वाटला. आम्हाला काम दाखवणाऱ्या काकांचा तो. आणि काका त्या वेळी बाहेर क्रँक फिरवत होते!

चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, “काका, तुमचा बॅज आत राहिला का?”

ते म्हणाले, “राहिला नाही रे बाळा, ठेवला. रीडिंग वर गेलं की म्हणणार, तू आता दोन महिने आरटीला येऊ नको. आणि मग घरी बसल्यावर रोज कोण देणार?”

मी गप्प बसलो. काय बोलणार? हॉस्टेलवर आपण प्रॉक्सी लावतो. माणूस गैरहजर, हजेरी मात्र लागलेली. इथे उलटं होतं. माणूस हजर आणि हजेरी गैरहजर.

खरी फजिती पुढे झाली. ट्रेनिंग रिपोर्टच्या वायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, “टीएलडी बॅज काम कसा करतो?” मला फुल फॉर्म येत होता : थर्मोल्युमिनिसन्ट डोसिमीटर. त्यापुढे शांतता! त्या दिवशी ठरवलं, हे नीट वाचायचं. वाचलेलं सोपं करून सांगतो.

बॅजच्या आत एक धातूची पट्टी असते आणि तिच्यावर तीन छोट्या चकत्या. चकत्या कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्या कुळातलं, त्याच कुळातल्या. त्यात डिस्प्रोशियम नावाच्या मूलद्रव्याची किंचित भेसळ मुद्दाम केलेली असते आणि ते टेफ्लॉनमध्ये मिसळून चकती बनवतात. किरणोत्सार पडला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन उड्या मारतात आणि काही मधल्याच खड्ड्यांत अडकून बसतात. ते तिथेच राहतात, महिनोन्‌महिने. मग प्रयोगशाळेत चकती गरम नायट्रोजनने तापवतात. उष्णता मिळाली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. जितका किरणोत्सार झेलला, तितका प्रकाश. तो मोजला की मात्रा कळली.

तीन चकत्या कशाला? एकीवर धातूचा पडदा, दुसरीवर प्लॅस्टिकचा, तिसरी उघडी. तिन्हींच्या आकड्यांची तुलना केली की किरण कोणत्या जातीचे आणि किती ताकदीचे, याचा अंदाज येतो. शिवाय प्रत्येक संस्थेत एक ‘कंट्रोल’ बॅज असतो. तो कोणी लावायचा नसतो, किरणोत्सारापासून दूर ठेवायचा असतो. जमिनीतून, आकाशातून येणारा नैसर्गिक किरणोत्सार त्याच्यावर जमतो आणि तेवढा सगळ्यांच्या रीडिंगमधून वजा करतात. हा नैसर्गिक किरणोत्सार जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट इतका धरतात. म्हणजे आपण सगळेच थोडा थोडा झेलत असतो.

आपल्या देशात ही बॅजची व्यवस्था भाभा अणुसंशोधन केंद्राच्या देखरेखीखाली चालते. नियम बघायला अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, स्थापना १९८३. काम करणाऱ्या प्रत्येकाला कायमचा नंबर मिळतो. नोकरी बदलली, गाव बदललं तरी नंबर तोच, म्हणजे आयुष्यभराची बेरीज एका जागी राहते. मर्यादा अशी : सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य जनतेसाठी वर्षाला फक्त १.

आता हे आकडे शॉपमध्ये आणून बघू. समजा सोर्स २० क्युरीचा आहे. उघडा असताना १ मीटरवर तासाला ठोकळमानाने १०० मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे वर्षाची सरासरी मर्यादा १२ मिनिटांत खलास! आता फिजिक्सचा जुना मित्र आठवा, इन्व्हर्स स्क्वेअर लॉ. १० मीटरवर उभे राहिलात तर मात्रा शंभर पटीने कमी, तेच २० मिलिसिव्हर्ट व्हायला २० तास. आणि १० सेंटिमीटरवर हात नेलात तर? शंभर पटीने जास्त. साधारण ७ सेकंद. एफईला हा नियम पाठ केला तेव्हा तो दोन मार्कांचा वाटला होता.

बॅजबद्दल मोठा गैरसमज म्हणजे तो संरक्षण देतो. अजिबात नाही. तो कवच नाही, साक्षीदार आहे. तोही उशिरा बोलणारा, कारण बॅज ठरावीक मुदतीने, साधारण तीन महिन्यांनी जमा होतात आणि मगच कळतं. सोर्स परत कॅमेऱ्यात न जाता नळीतच अडकला, तर बॅज ओरडून सांगणार नाही. त्यासाठी प्रत्येक शॉटनंतर सर्व्हे मीटर हातात घेऊनच पुढे जायचं असतं. वाचवतात त्या तीन गोष्टी : कमी वेळ, जास्त अंतर, मध्ये जाड आडोसा. बॅज फक्त सांगतो की या तिन्ही आपण खरंच पाळल्या का.

मग साक्षीदार नसला तर काय बिघडलं? बिघडतं ते इतिहासात दिसतं. राँटजेनने एक्स-रे शोधले १८९५ मध्ये. एडिसनच्या प्रयोगशाळेतला मदतनीस क्लॅरेन्स डॅली या किरणांवर काम करताना स्वतःचेच हात मध्ये धरायचा. हात भाजले, कॅन्सर झाला, हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. त्याने किती मात्रा झेलली, याची नोंदच नाही. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत, वास नाही. शरीर सांगतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आपल्याऐवजी आधी कळणारी वस्तू छातीवर लावायची.

पण काकांसारखं वागणारे फक्त आपल्याकडेच आहेत असं समजू नका. जपानमध्ये फुकुशिमाच्या अपघातानंतर डिसेंबर २०११ मध्ये एका उपकंत्राटदाराच्या अधिकाऱ्याने काही कामगारांना डोसिमीटरवर शिशाचं आवरण लावायला सांगितलं. हेतू हाच, की रीडिंग कमी यावं आणि मर्यादा संपून काम जाऊ नये. २०१२ मध्ये हे बाहेर आलं. जपानसारख्या शिस्तीच्या देशात! तेव्हा मला काकांचं बोलणं पुन्हा आठवलं. शिसं असो नाहीतर खिळा, कारण एकच. ज्याच्या भल्यासाठी मोजतो, त्यालाच मोजण्याची भीती वाटते.

नंतर सर्टिफिकेट आणायला शॉपमध्ये गेलो तेव्हा धीर करून तिथल्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर साहेबांना भेटलो. नाव न घेता सांगितलं की असं पाहिलं, आणि बॅज काढायचं कारणही सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “इतके शॉट होतात आणि एका माणसाचं रीडिंग सतत शून्य येतं, तेव्हा मला जास्त काळजी वाटते.” त्यांनी हेही समजावलं की रीडिंग जास्त आलं म्हणजे माणूस दोषी असं नसतं. आधी चौकशी होते. बॅज चुकून सोर्सजवळ राहिला असेल तर ते रीडिंग माणसाचं नाही, असं ठरू शकतं. शंका मोठी असेल तर रक्त तपासून गुणसूत्रांतले बदल मोजता येतात. मी विचारलं, “सर, पण तेवढ्या काळातला रोज?” ते म्हणाले, “ते माझ्या हातात नाही. पण बरोबर प्रश्न आहे.” त्यांनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण दोन-तीन वर्षांत साइटवर असतील. कोणी क्वालिटीत, कोणी प्रोजेक्टमध्ये. तेव्हा काकांसारखी माणसं आपल्या हाताखाली असतील आणि आपल्याला ‘साहेब’ म्हणतील. त्या दिवसासाठी तीन गोष्टी. एक : शॉटच्या आधी बॅज छातीवर आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघा, एप्रन असेल तर त्याच्या आत. दोन : रीडिंग आलं की ते ज्याचं आहे त्याला समजावून सांगा, फाइलला लावून मोकळे होऊ नका. तीन, सगळ्यात महत्त्वाची : रीडिंग वाढलं तर त्याला दुसरं काम द्या, घरी बसवू नका. नाहीतर खिळे ठोकायला भिंती पुष्कळ आहेत.

आता कबुली. माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये सेफ्टीच्या प्रकरणात एक वाक्य आहे : ‘सर्व कर्मचारी टीएलडी बॅजचा नियमित वापर करतात.’ ते मी सीनियरच्या रिपोर्टमधून जसंच्या तसं उतरवलं होतं. खिळ्यावरचा बॅज पाहिल्यानंतर! काकांनी पोटासाठी खोटी नोंद केली, मी मार्कांसाठी. रिपोर्ट आता डिपार्टमेंटच्या कपाटात बाइंडिंग होऊन बसलाय, पुढच्या बॅचला कॉपी करायला. ज्यांना तो मिळेल त्यांनी तेवढं वाक्य खोडावं.