ब्रेक गोठला की थिजला?

मुलांनो, गेल्या रविवारी आम्ही वर्गाला उशिरा आलो, त्याला कारण शिकागोची थंडी. आदल्या रात्री गाडी ओल्या बर्फातून आणली आणि हँडब्रेक ओढून ठेवली. केबलच्या नळीत शिरलेले पाणी गोठले. सकाळी ब्रेक सुटेना!

चाकावर गरम पाणी ओतणार होतो. बरे झाले ओतले नाही, तेही ३२ अंश फॅरनहाइटखाली गोठलेच असते. गाडी अंगणात होती, म्हणून इंजिन चालू ठेवले. (बंद गॅरेजमध्ये कधीही नाही! कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, वासही येत नाही.) मग गाडी हळूच मागेपुढे केली. टक्‌! चाक सुटले. आता सपाट जागी नुसती 'पार्क'मध्ये ठेवतो.

तूप थिजते, पाणी गोठते. मग आमचा ब्रेक?